खोल पाण्याची वाट

भूजलाच्या कामात वर्ष चार फेऱ्यांत वाटलेले असते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर जायचे, टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, गरज असेल तिथे नमुना भरायचा, आकडा वहीत लिहायचा. यवतमाळ जिल्ह्यात हे काम करताना माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो पांढरकवडा, झरी जामणी, घाटंजी या बाजूच्या गावांत, हातपंपांसमोर. कारण तिथल्या बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड. म्हणूनच जानेवारीच्या एका फेरीत पैनगंगेकाठच्या कापेश्वरला जायचे मी ठरवले तेव्हा गाडीच्या चालकाला नवल वाटले. ते ठिकाण आमच्या यादीत नव्हते. देवस्थानाजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्याशी आमच्या हातपंपांचा काय संबंध, असे त्यांनी विचारले. मला तोच संबंध डोळ्यांनी पाहायचा होता.

गाडी नेता आली असती, पण अलीकडच्या एका तांड्यावर मी ती थांबवली. गाडीतून खडक दिसत नाही. ओढ्याने कापलेली दरड, नदीने धुतलेला तळ, विहिरीची कच्ची बाजू हे सगळे पायी चालणाऱ्यालाच वाचता येते. तांड्यावरचे एक दादा वाट दाखवायला आले. खांद्यावर कुऱ्हाड, डोक्याला टॉवेल, पायात टायरच्या चपला. निघताना त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, नालीतल्या गोट्यायवर पाय नका देऊ. शेवाळ हाय."

जंगल सागाचे. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर बारमाही हिरव्या, ओल्या रानातून तासन्‌तास चढत गेले की उकळत्या पाण्याचे तळे लागते. तिथे जमिनीखाली जिवंत ज्वालामुखी आहे. गरम झरा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असेच चित्र येते. आमच्याकडचे रान वर्षातले आठ महिने कोरडे. जानेवारीत सागाची पाने तांबूस होऊन गळायला लागलेली असतात आणि ती इतकी मोठी की माणूस चालत असेल तर फर्लांगभर ऐकू जावे. मध्ये धावडा, ऐन, तेंदू, मोह, आणि ओढ्याच्या कडेला अर्जुन. थंडी चांगली होती. सातभाईंचा एक थवा आमच्यापुढे कलकलाट करत बराच वेळ चालला. दादा मध्येच थांबून धुळीत पाहायचे. टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ साली शेते, रस्ते, नद्या ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. तेव्हापासून या बाजूला कुठल्याही नाल्यात पाय ठेवण्याआधी माणसे धूळ बघतात.

मी मात्र दरडी बघत होते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक. विहीर खणणारे लोक ज्याला मांजऱ्या म्हणतात तो लाव्हाच्या थराचा वरचा, वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला भाग. पुढे त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट खनिज भरले. त्याखाली घट्ट काळा पत्थर, आणि एके ठिकाणी दोन थरांच्या मध्ये हातभर लाल मातीची पट्टी. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत लाव्हाचा पृष्ठभाग झिजून ती तयार होते. म्हणजे ज्वालामुखी इथेही होता. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्याखाली गेला. याच जिल्ह्यात शिबला-पार्डीला रस्त्याच्या खोदकामात बेसाल्टचे षटकोनी खांब उघडे पडले आणि भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लोकांसमोर आणले. शांतपणे निवत गेलेल्या लाव्हाला तडे गेले की असे खांब बनतात.

पण तो निवला, त्यालाही युगे लोटली. आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात गरम झऱ्यांची रांग आहे, जळगावकडे उनपदेव आहे, अमरावतीत सालबर्डी आहे. यांतल्या एकाही झऱ्याखाली आज लाव्हा नाही. हे सांगितले की ऐकणारा थोडा हिरमुसतो, असा माझा अनुभव आहे. खरे तर गोष्ट इथून पुढे जास्त मोठी होते.

वाटेत एका उंचवट्यावरून नदी दिसली. पलीकडे नांदेड जिल्हा, किनवट तालुका. त्या बाजूला उनकेश्वर आहे आणि तिथली कुंडे कापेश्वरपेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहेत. शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता, त्यांच्यासाठी रामाने बाण मारून गरम पाणी काढले, ही कथा दोन्ही काठांवर सारख्याच जिव्हाळ्याने सांगतात. त्वचेच्या विकारांनी त्रासलेली माणसे आजही तिथे येऊन राहतात, आंघोळी करतात. दादांच्या घरातल्या कुणीतरी लहानपणी खरजेसाठी तिथे मुक्काम केला होता. "बरं वाटलं मंग?" मी विचारले. "वाटलं. दर रोज ऊन पान्यानं आंग धुतलं, बरं वाटनारच नं," ते म्हणाले. मला त्यांचे हे उत्तर फार आवडले. कथेवर त्यांचा विश्वास होता आणि कारणही त्यांना कळत होते, आणि दोन्हींना त्यांच्या मनात जागा होती.

याच उंचवट्यावर त्यांनी विषय काढला तो धरणाचा. निम्न पैनगंगा प्रकल्पाचा. या खोऱ्यात कुणाशीही तासभर बोला, धरण येतेच. दोन्ही जिल्ह्यांतली ९५ गावे बुडीत क्षेत्रात येतात म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे विरोध चालवला आहे. मी पाण्याच्या कामातली आहे, धरणाखालच्या कोरडवाहू शेतकऱ्याची तहान मला कळते. तरीही ज्यांची घरे जातात त्यांचे म्हणणे नकाशावर एक निळा रंग भरून मिटत नाही, असे मला मनापासून वाटते. दादा एवढेच म्हणाले, "आमी कुठी जावं, हे पयले सांगा म्हनाव." आम्ही खाली उतरलो.

झऱ्याशी पोचलो तेव्हा ऊन नुकते पाण्यावर आले होते आणि वाफेचा पातळ पदर अजून टिकून होता. पाणी उकळते वगैरे काही नाही. हात घातला की थंडीत बरे वाटावे इतके कोमट-गरम. दोन बायका आंघोळ आटोपून केस पुसत होत्या, एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून गुडघ्यांवर पाणी ओतत होते. संक्रांत जवळ आली होती. त्या दिवशी इथे गर्दी असते, असे बायकांनी सांगितले. मी पेटी उघडली तशी त्या जवळ सरकल्या.

गरम झऱ्याचा नमुना घेण्याची रीत साध्या विहिरीपेक्षा वेगळी आहे. साचलेल्या पाण्यात तापमापी धरून उपयोग नाही, कारण वरचे पाणी हवेने निवलेले असते. जिथून पाणी वर येते ती जागा शोधायची आणि तिथेच मोजायचे. सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच पाहायची, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी थंड होते, त्यातला वायू निघून जातो आणि सामू बदलतो. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग पाण्याखालीच भरून पाण्याखालीच झाकण लावायचे, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. धातूंसाठीच्या लहान बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे. चिठ्ठी लिहायची ती पाण्याने न पुसणाऱ्या शाईने. मी हे सगळे करत असताना म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "माय, हे पानी काऊन तापते?"

"तुमी काय म्हनता?" मी विचारले.

"आमी त म्हनतो देवानं तापवलं. पन बहात्तरच्या दुष्काळात सारं आटलं, हे नाई आटलं. मंग हे येते कुठून?"

भूजलाचे सगळे शास्त्र त्या एका प्रश्नात होते. ज्या पाण्याला पावसाळा कळत नाही, दुष्काळ कळत नाही, ते पाणी फार लांबून आणि फार खालून येत असले पाहिजे. मी त्यांना जमेल तसे सांगितले. पाऊसच आहे तो, पण आपला नाही. कुठेतरी डोंगरावर पडलेले पाणी खडकाच्या भेगेतून खाली उतरते, आणि जितके खोल जावे तितका खडक गरम. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. आपल्याकडे जमिनीखालचे उथळ पाणी २६-२७ अंशांच्या आसपास असते. समजा झऱ्याचे पाणी त्याहून १५ अंशांनी जास्त गरम आहे, तर ते निदान अर्धा किलोमीटर तरी खाली जाऊन आलेले आहे. वर येताना ते निवतेही, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून खोल. एखादी मोठी, उभी भेग सापडली तरच ते निवायच्या आधी वर पोचते. पैनगंगेच्या या पट्ट्यात तशी भेग आहे. तेलंगणातल्या कडेमकडून वायव्येला येणारा मोठा भूस्तरभंग या भागातून जातो.

आणि ते पाणी बेसाल्टच्याही खाली जाऊन येते. सह्याद्रीत लाव्हाच्या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल विवर घेतले तेव्हा साधारण ३४० मीटरवर बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइटी खडक लागला. यवतमाळ तर लाव्हाच्या चादरीच्या पूर्व काठावर आहे. वणीकडे ती फाटून खालचा चुनखडक आणि कोळसा वर येतो, नदीपलीकडे किनवटच्या बाजूला ग्रॅनाइट उघडा पडतो. म्हणून इथे खोल गेलेल्या पाण्याची गाठ बेसाल्टहून कितीतरी जुन्या खडकाशी पडते.

त्या खडकाशी गाठ पडली की पाणी कोरे राहत नाही. ग्रॅनाइटातल्या अभ्रकात, फ्लोराइट आणि ॲपेटाइट या खनिजांत फ्लोराइड असते. पाणी गरम असेल, अल्कधर्मी असेल, त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असेल आणि ते खडकात पुष्कळ काळ थांबले असेल, तर ते फ्लोराइड पाण्यात उतरते. कोकणातल्या बऱ्याच गरम झऱ्यांमध्ये ते पिण्याच्या मर्यादेपलीकडे सापडले आहे. तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांचा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी समस्थानिकांच्या आधारे अभ्यास केला, तेव्हा ते पाणी मुळात पावसाचेच असल्याचे दिसले. अशा अभ्यासात ट्रिटियमही तपासतात. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे पावसात ट्रिटियम वाढले होते. एखाद्या पाण्यात ते जवळजवळ नसेलच तर ते त्याआधीच जमिनीत उतरलेले असते. आपण ज्याला झरा म्हणतो तो अशा अर्थाने आपल्या आजोबा-पणजोबांच्या, कदाचित त्याच्याही आधीच्या पावसाचा हिशोब आहे.

केस पुसणाऱ्या बाईंनी तेवढ्यात लहान कळशी भरायला घेतली. घरी आजारी सासूला पाजायला. मी त्यांना थांबवले. "मावशी, आंघोळीला न्या, पाय शेकायला न्या. पाजू मात्र नका, जोवर तपासणी होत नाही." त्यांना वाईट वाटले, ते चेहऱ्यावर दिसले. तीर्थाला कुणी नको म्हणू नये. पण मला ते म्हणणे भाग होते, कारण पलीकडच्या तालुक्यांतल्या गावांत मी रोज जे पाहते ते त्यांनी पाहिलेले नव्हते.

त्या गावांत शाळेतली मुले हसली की कळते. दातांवर पांढुरके ठिपके, मग पिवळे, मग तपकिरी आडवे पट्टे. हिरड्यांच्या आत पक्के दात तयार होण्याच्या वयात फ्लोराइड पोटात गेले की तो डाग जन्मभर राहतो. वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायलेल्या मोठ्या माणसांची मान वळत नाही, कंबर वाकत नाही, उकिडवे बसता येत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत. पांढरकवडा भागातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर भूजलतज्ज्ञांचा शोधनिबंध २००७ मध्येच 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. म्हणजे ही गोष्ट लपलेली नाही. तरी ज्या बाईच्या दारात हातपंप आहे आणि विहीर अर्ध्या मैलावर, तिला शोधनिबंध काय सांगणार? त्या पंपाचे पाणी स्वच्छ दिसते, थंडीत कोमट लागते, उन्हाळ्यात आटत नाही. जे गुण ती वाखाणते तेच खोल पाण्याचे गुण आहेत. कापेश्वरचा झराही याच गुणांसाठी पुजला जातो.

बोअर इथे आल्या त्या उपकार म्हणून, हे विसरून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. काळा पत्थर फोडणारी छिद्रण यंत्रे गावोगाव फिरली. जालना आणि सोलापूरला घडलेल्या मजबूत हातपंपांच्या अनुभवातूनच पुढे 'इंडिया मार्क टू' हा पंप आकाराला आला आणि जगभर गेला. साठ-सत्तर मीटरच्या त्या बोअरनी लाखो बायकांचे हेलपाटे वाचवले, कॉलरा आणि नारू मागे रेटला. मग त्या आटायला लागल्या तशी प्रत्येक नवी बोअर खोल गेली. आता सहाशे-सातशे फूट हे कुणी ऐकून दचकत नाही. सहाशे फूट म्हणजे सुमारे १८० मीटर. ज्या खोलीवरून गरम झरा येतो तिच्या वाटेवर आपण स्वतःहून कितीतरी उतरलो आहोत, आणि इथे चादर पातळ असल्यामुळे खालचा जुना खडक वाट पाहतच आहे. कापेश्वरच्या पायरीवर बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना मला हेच दिसत होते. निसर्ग जे पाणी एका भेगेतून, एका ठिकाणी, आंघोळीपुरते वर पाठवतो, तेच आपण हजार भोके पाडून घागरीत भरतो आहोत.

उपाय नाहीत असे नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली. ती चालते, पण रोज मापाने तुरटी टाकणारा, ढवळणारा, खालचा गाळ नीट टाकणारा माणूस गावात लागतो. गाळणीचे संच बसवले जातात, माध्यम संपले की कोपऱ्यात उभे राहतात. माझा जीव अडकतो तो जुन्या विहिरींत. उथळ विहिरीचे पाणी यंदाचे किंवा गेल्या वर्षीचे असते. खडकाशी त्याचा संग थोडा, म्हणून फ्लोराइडही बहुतेक वेळा कमी. तिला जंतूंचा धोका असतो हे खरे, पण जंतू क्लोरीनने मरतात. फ्लोराइड मरत नाही.

परतीच्या वाटेवर दादांनी विचारले, "मंग आमच्या तांड्यावरचं बोअर चांगलं हाय का वंगाळ?" तांड्यावर पोचल्यावर तोही नमुना घेतला. आणि मग त्याच फेरीत पांढरकवड्याकडच्या एका गावी गेले, जिथल्या हातपंपाला, पाणी पिऊ नये अशी खूण म्हणून, आधीच लाल रंग लागलेला होता. ग्रामपंचायतीत बैठक बसली होती ती नव्या बोअरसाठी. जागा कुठली, आणि खोली किती, एवढेच माझ्याकडून हवे होते. एक सदस्य आठशे फूट म्हणत होते, म्हणजे एकदाच काम होईल.

मी त्यांना कापेश्वरचे पाणी आणि त्यांच्या लाल पंपाचे पाणी शेजारी ठेवून समजावले. मग गावाच्या खालच्या अंगाला असलेली जुनी विहीर बघायला सगळ्यांना नेले. तोडीचा दगड शाबूत होता, आत पिंपळाचे रोप, तळाशी गाळ आणि प्लास्टिक. पाणी मात्र होते. बादलीने काढून तपासले तर फ्लोराइड मर्यादेच्या आत निघाले. एक आजी म्हणाल्या, माझ्या लग्नात याच विहिरीचं पाणी होतं. बचत गटाच्या बायकांनी तिथेच ठरवले की बोअरचा ठराव थांबवून आधी हा उपसा करायचा. पुरुषांची कुरकुर होती, पण दोर आणि डिझेल पंप त्यांनीच आणला.

गाळ काढून झाला आहे, कठड्याला सिमेंट लागले आहे, वरच्या नाल्यात दगडी बांधही घातला आहे म्हणजे पावसाचे पाणी थोडे थांबेल. लाल पंपाचे पाणी आता धुण्याला आणि गुरांच्या हौदाला जाते. मुलांसाठी विहिरीतून घागरी येतात आणि क्लोरीनचे काम शाळेतल्या एका बाईंनी अंगावर घेतले आहे. विहीर पहिल्याच उन्हाळ्यात किती टिकते हे मे महिन्याच्या फेरीत टेप सोडल्यावर कळेल. दोन पुरुष पाणी राहिले तरी पुरे, असा बायकांचा अंदाज आहे. टँकर लागलाच तर तो किती दिवस लागेल, याचा हिशोबही त्यांनी आतापासून मांडून ठेवला आहे.